मदत हवी आहे: वारीतल्या फोटोंसाठी तोंडी संमती चालेल का?

आषाढी वारीत काढलेल्या वारकऱ्यांच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन करायचं आहे, शिवाय प्रिंट्स विकायच्या आहेत. गर्दीच्या फोटोंबद्दल विचारत नाही. एकाच माणसाचा चेहरा ओळखू येतो, अशा फोटोंबद्दलच प्रश्न आहे. मुलांचे फोटो मी वगळलेत, कारण अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचला. खासगी, घरगुती वापराला त्यात सूट आहे, पण विक्री त्यात बसणार नाही असं मी धरून चालतोय. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध हवी, ती मागेही घेता येते, एवढं कळलं.

गेल्या वर्षी मराठीत एक पानी संमतीपत्र छापून नेलं होतं. पण कागद पुढे केला की म्हाताऱ्या आजी घाबरायच्या. अंगठा म्हणजे जमिनीचा व्यवहार, हीच भीती. फोटोला आनंदाने हो म्हणणारी माणसं कागद बघून मागे सरायची, आणि ते मला फार लागलं. म्हणून यंदा फोटो कशासाठी, कुठे लागेल आणि विकला जाईल हे मोबाइलवर बोलून दाखवून त्यांचा होकार रेकॉर्ड करायचा विचार आहे. संपर्कासाठी माझा नंबर चिठ्ठीवर देईन.

वकिली करणाऱ्यांनी किंवा हे प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगावं: असा रेकॉर्ड केलेला होकार पुरेसा धरला जाईल का? आणि प्रिंट विकल्यावर कुणी संमती मागे घेतली, तर विकलेल्या प्रतीचं काय करायचं?