मदत हवी आहे : आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंग एकाच डिग्रीत मिळतं का? (भाची बारावीत, वडोदरा)

दांडियाबाजारची_आत्या

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा बारावीला आहे. गुजरात बोर्ड, ए ग्रुप. मॅथ्स चांगलं, फिजिक्स बरं, केमिस्ट्रीचं नाव काढू नका. भाऊ म्हणतो सिव्हिल, वहिनी म्हणते आर्किटेक्चर, आणि पोरगी म्हणते दोन्ही.

तिचं ‘दोन्ही’ म्हणजे काय ते सांगते. आमचं घर जुनं, लाकडी खांबांचं आणि कडीपाटाचं. पावसाळ्यानंतर माडीखालची एक तुळई वाळवीने पोखरलेली निघाली. मिस्त्रीने खालून जॅक लावले आणि तिच्या जागी लोखंडी गर्डर सरकवला. ही बया क्लास बुडवून तिथेच ठाण मांडून. गर्डर एवढ्याच मापाचा का, भिंतीत त्याचं टोक किती आत जाणार, टोकाखाली चौकोनी दगड कशाला, असं विचारून विचारून मिस्त्रीला बेजार केलं. संध्याकाळी वही काढून बसली, मला वाटलं गणितं करतेय. बघते तर ओटीचं चित्र! गर्डरमुळे जागा कशी बुटकी आणि काळोखी दिसते, आणि खांबावरची जुनी नक्षी न झाकता तो कसा लपवता येईल, याचे चार-पाच प्रकार.

आता अडचण. एका खासगी विद्यापीठातून फोन येतो सारखा. चार वर्षांचा कोर्स आहे, नावात आर्किटेक्चरही आहे आणि इंजिनिअरिंगही. तो माणूस म्हणतो, ‘मॅडम, दोन्हीकडचे दरवाजे उघडे.’ भाऊ भरायला निघालाय पैसे. मला काही ते पटत नाहीये. असं खरंच असतं का? नसेल तर आधी काय करावं? शक्यतो वडोदरा किंवा अमदावाद, पण मुलगी बाहेर जायला तयार आहे.

पेन्सिल_टूबी

आत्या, भावाला थांबवा आधी.

आपल्याकडे नावामागे ‘आर्किटेक्ट’ लावायचं तर आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२ खाली काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, आणि इथे शिकणाऱ्यांना ती मिळते पाच वर्षांच्या मान्यताप्राप्त बी.आर्कवर. चार वर्षांचं बी.टेक, नाव काहीही ठेवा, बी.टेकच राहतं. वाईट असेल असं नाही, पण तो दुसरा दरवाजा उघडत नाही. फोनवाल्याला एकच विचारा : ‘या कोर्सला काउन्सिलची मान्यता आहे का? लेखी द्या.’ पुन्हा फोन आला तर मला कळवा.

गंमत अशी की कायदा बिरुदाला जपतो, कामाला नाही. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं : नोंदणी नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं नाही, पण इमारतीचं डिझाइन करायला या कायद्याने बंदी नाही. त्यामुळे घरांचे प्लॅन काढणारे सिव्हिल इंजिनिअर गावोगाव दिसतात.

बी.आर्कमध्ये स्ट्रक्चर शिकवतात, अगदी पहिल्या वर्षापासून. बीम कुठे वाकेल, लोड कुठून कुठे उतरतो, हे कळतं. पण उद्या आठ मजल्यांच्या फ्रेमचं डिझाइन करून सही करता येईल इतकं नाही. इंजिनिअरशी डोळ्याला डोळा भिडवून बोलता यावं, इतपत.

प्रवेशाचं : नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा २०० मार्कांची, त्यातले ८० ड्रॉइंगचे. जेईई मेनला बी.आर्कसाठी वेगळा पेपर आहे, दोन-ए, त्यात मॅथ्स, अ‍ॅप्टिट्यूड आणि ड्रॉइंग. केमिस्ट्री नाही! फॉर्म भरताना हा पेपर निवडायला हमखास विसरतात मुलं. खरगपूर, रुडकी आणि बीएचयू या आयआयटींच्या बी.आर्कला मात्र जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते आणि वर एएटी म्हणजे अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट पास व्हावं लागतं, म्हणजे तिथे केमिस्ट्री मानगुटीवर आहेच.

आणि तुमच्या उशाशी काय आहे ते बघा. एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर हा विभाग फॅकल्टी ऑफ टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंगमध्येच येतो, सिव्हिलच्या शेजारी. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनाचा वारसा सांगणारी फॅकल्टी ती. अमदावादला सेप्ट विद्यापीठ आहे, १९६२ ला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आर्किटेक्चरची शाळा म्हणून सुरू केलेली. आता तिथे आर्किटेक्चर, प्लॅनिंग आणि बांधकाम-तंत्रज्ञान एका कॅम्पसवर आहे.

पाणीगेट_पोस्ट

अवांतर : आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर मँटचा. आपली गणितं चुकलीत, राजवाडा कोसळणार, असं त्याने डोक्यात घेतलं आणि त्या धसक्यातच १८८१ मध्ये गेला, अशी गोष्ट सांगतात. पुढे चिझमने १८९० मध्ये काम पुरं केलं. राजवाडा आहे तिथेच आहे. तेव्हा भाचीला सांगा, गणित दुसऱ्याकडून तपासून घ्यावं.

सळई_बारा_एमएम

मी इथलाच, अलकापुरीत ऑफिस, वीसेक वर्षं स्ट्रक्चरल करतोय. वरचं सगळं बरोबर आहे. मी दुसऱ्या बाजूने लिहितो.

२६ जानेवारी २००१ चा भूकंप आठवतो ना? केंद्र कच्छमध्ये, आणि इमारती पडल्या अमदावादला. पडलेल्यांत कितीतरी अशा होत्या की वर फ्लॅट, विटांच्या भिंती, आणि तळाला पार्किंग म्हणून नुसते खांब. वरचा भाग कडक, खालचा मऊ. हलवलं की सगळी लचक तळमजल्याच्या खांबांत. प्लॅनवर ते पार्किंग छान दिसतं, आणि सुट्या खांबाचं गणितही कागदावर बसतं. दोन्ही एकत्र कुणी वाचलं नाही. पुढच्याच वर्षी भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं मानक, आयएस १८९३, सुधारलं. आज गुजरातच्या विकास नियमांत आर्किटेक्ट वेगळा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा नोंदवावा लागतो, आपापल्या जबाबदारीसह.

म्हणजे भाची म्हणते ते ‘दोन्ही’ कामाच्या जागी आहेच, फक्त दोन माणसांत वाटलेलं. प्रश्न एवढाच की ती टेबलाच्या कुठल्या बाजूला बसणार.

रोजचं काम सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. माझा दिवस म्हणजे ईटॅब्स या सॉफ्टवेअरमधलं इमारतीचं मॉडेल, सळयांची शेड्यूल, आणि साइटवर जाऊन रिंगा किती अंतरावर बांधल्यात, कव्हर ब्लॉक आहेत का, सेंट्रिंग हलतंय का ते बघणं. गिऱ्हाइकाचं तोंड क्वचित दिसतं. आर्किटेक्टचा दिवस म्हणजे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाची बायको, गिऱ्हाइकाचा वास्तुवाला, पालिका, टाइलवाला, आणि उरलेल्या वेळात डिझाइन. हे मी चेष्टेने लिहिलंय खरं, पण चेष्टा फार नाही.

मधली वाट आहे. महेंद्र राज (१९२४-२०२२) हे इंजिनिअर, आर्किटेक्ट नव्हते. अमदावादचा टागोर हॉल जाऊन बघा, दोशींबरोबर केलेला. घड्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत, त्या घड्यांमुळेच ताठ उभ्या राहतात. तिथे स्ट्रक्चर कुठे संपतं आणि आर्किटेक्चर कुठे सुरू होतं, दाखवून द्या मला. आर्किटेक्ट राज रेवाल यांच्याबरोबर महेंद्र राज यांनी केलेला दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स १९७२ चा, २०१७ मध्ये पाडला, त्याचं काय बोलायचं. दोन्ही पदव्या घेणारेही असतात. स्पेनचा सांतियागो कालात्राव्हा आधी व्हॅलेन्सियाला आर्किटेक्चर शिकला, मग झुरिकला सिव्हिल. पण एकापाठोपाठ एक.

एक धोका लक्षात ठेवा. नंतर बाजू बदलणं सोपं नाही. सिव्हिल करून एम.आर्क करता येत नाही, त्याला बी.आर्कच लागतं. बी.आर्क करून स्ट्रक्चरलचं एम.टेक बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मात्र ऊर्जा, उजेड, हवा खेळवणं, बांधकाम व्यवस्थापन, शहर नियोजन इथे मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी दोघांनाही घेतात.

सातासमुद्रापार

बाहेरचा विचार असेल तर नावांवर जाऊ नका. अमेरिकेत ‘आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग’ ही इंजिनिअरची पदवी आहे. पेन स्टेट विद्यापीठात पाच वर्षांची, शेवटी स्ट्रक्चर, मेकॅनिकल, प्रकाश-वीज किंवा बांधकाम यातलं एक निवडायचं. मुलगी उत्तम बिल्डिंग इंजिनिअर होईल, आर्किटेक्ट नाही. इंग्लंडात बाथला आर्किटेक्चर आणि सिव्हिल एकाच विभागात आहेत, पोरं प्रोजेक्टही एकत्र करतात. खरी जोडपदवी मला इटलीत दिसली : पाच वर्षांचा सलग कोर्स, त्यावर आर्किटेक्ट आणि इंजिनिअर दोन्हींच्या राज्यपरीक्षेला बसता येतं. पण तिथली पदवी घेऊन इथे नोंदणी होईल हे गृहीत धरू नका. निघण्यापूर्वी काउन्सिलला पत्र लिहून उत्तर हातात घ्या.

फुकटचा_सल्ला

आवडनिवड ठीक. पगार कुणी सांगेल का?

पेन्सिल_टूबी

@फुकटचा_सल्ला, नव्या आर्किटेक्टचा पहिला पगार बघून घरचे रडतात. नव्या सिव्हिलवाल्याचे घरचे थोडे कमी रडतात. दोघांचंही बरं चालायला दहा वर्षं जातात.

दांडियाबाजारची_आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनवाल्याला लेखी मागितलं. ‘सरांशी बोलून सांगतो’ म्हणाला, अजून बोलतोय सरांशी.

काल भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. पार्किंगच्या खांबांचं ऐकून उठली आणि खाली जाऊन समोरच्या नव्या अपार्टमेंटचा तळमजला बघून आली. वर आल्यावर मला विचारते, ‘आत्या, मग खाली दोन-तीन भिंती घालून भागलं असतं का?’ मला काय ठाऊक! भाऊ म्हणतो, बघ, हा सिव्हिलचा प्रश्न आहे. वहिनी म्हणते, ओटीचं चित्र विसरलात वाटतं.

तूर्त असं ठरलंय : नाटा आणि जेईईचे दोन्ही पेपर द्यायचे, खासगी कोर्सला पैसे भरायचे नाहीत. पण परीक्षांआधी तिला दोन्ही कामं जवळून बघायची आहेत. अशी कुणी बघू देतं का बारावीच्या मुलीला?

सळई_बारा_एमएम

तिच्या प्रश्नाचं उत्तर : हो, पण भिंती योग्य जागी आणि दोन्ही दिशांना हव्यात. एका कोपऱ्यात घातल्या तर इमारत पिळवटते. कशी ते पुठ्ठ्याच्या खोक्यावर दाखवीन.

येत्या शनिवारी वाघोडिया रोडला स्लॅब भरायचाय, सकाळी सातला सुरू. आर्किटेक्ट पण येणार आहेत, त्यांचं आणि माझं जिन्याच्या बीमवरून भांडण व्हायचंच आहे, तेही ऐकू दे. तुम्ही सोबत या. बूट घालून यायचं, चपला नकोत, आणि हेल्मेट मी देतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकतो.