नाशिकची कायम नोकरी की पुण्याचा दीडपट पगार?

प्रश्न: नाशिकच्या कारखान्यात मी कायम कर्मचारी असून पाच वर्षे पूर्ण व्हायला काही महिने उरले आहेत, पुण्याहून दीडपट पगाराचा, परंतु कंत्राटी प्रस्ताव आला आहे. पत्नीची नोकरी आणि मुलीची शाळा इथेच आहे. काय करावे?

उत्तर १: राजीनाम्यानंतर ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी कायम कर्मचाऱ्याची साधारणतः पाच वर्षे सलग सेवा लागते आणि ती दर वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाइतकी असते, म्हणून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी. भविष्यनिर्वाह निधी काढू नये, वर्ग करावा.

उत्तर २: दुसरे घरभाडे, डबा आणि दर शनिवारी नाशिक फाट्यावरून एसटी, हे वजा जाता हाती काय उरते, ते आधी मांडून पाहा. रविवारी संध्याकाळी मुलगी बॅग धरून बसते, ते वेगळेच!

उत्तर ३: कंत्राटाची मुदत लेखी मिळाल्याशिवाय राजीनामा देऊ नये.