मदत हवी आहे : पीएचजीडीएच जनुकातील बदल आणि सेरीनची तपासणी

नमस्कार. माझा मुलगा अकरा महिन्यांचा असून त्याच्या जनुकीय तपासणीचा अहवाल गेल्या आठवड्यात आमच्या हाती आला. त्यातून उभ्या राहिलेल्या एकाच प्रश्नासाठी हा धागा काढत आहे. धीर देणारे घरात पुष्कळ आहेत. अमिनो आम्लांच्या तपासणीची ज्यांना माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

बाळ पूर्ण दिवसांचे होते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो, याचा मात्र ३० भरला. आमच्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी लहान, असे म्हणून घरच्यांनी तो विषय तेव्हा संपवला. पाचव्या महिन्यात त्याला आकडी येऊ लागली. सध्या दोन औषधे चालू आहेत, तरीही दिवसातून चार-पाच वेळा हात ताठ होऊन डोळे वर जातात. मान अजून नीट धरलेली नाही. एमआरआयमध्ये मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण वयाच्या मानाने फारच कमी दिसले, म्हणून जनुकीय तपासणी करून घेतली.

अहवालानुसार पीएचजीडीएच या जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच बदल आहे. त्यामुळे या जनुकापासून बनणाऱ्या विकरातील (एन्झाइममधील) एक अमिनो आम्ल बदलते. मात्र हा बदल पूर्वी कोठे नोंदलेला नसल्याने त्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आहे. माझे पती माझे सख्खे आतेभाऊ आहेत. माझे आजी-आजोबा हेच त्यांचेही आजी-आजोबा, तेव्हा एकच बदल दोन्हीकडून कसा आला असेल, हे डॉक्टरांना विस्ताराने सांगावे लागले नाही.

मी जे वाचले त्यावरून असे समजते की, ग्लुकोजच्या विघटनात वाटेत तयार होणाऱ्या ३-फॉस्फोग्लिसरेटपासून शरीर तीन पायऱ्यांत सेरीन बनवते आणि त्यातील पहिली पायरी हे विकर पार पाडते. सेरीन अन्नातूनही मिळते, पण शरीर ते स्वतःच बनवू शकते, म्हणून पाठ्यपुस्तकांत त्याला ‘अनावश्यक’ अमिनो आम्ल म्हणतात. (हा शब्द ज्याने रूढ केला, त्याने एकदा आमच्या घरी येऊन रात्र काढावी.) रक्तातील सेरीन मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे मेंदूला आपले सेरीन बहुतांशी स्वतःच बनवावे लागते. ते कमी पडले की मायलिनला लागणारी मेदद्रव्येही कमी पडतात. या विकराच्या कमतरतेचे पहिले वर्णन १९९६ साली दोन भावांवरून झाले. सेरीन तोंडाने भरपूर प्रमाणात दिल्यास आकडी आटोक्यात येते, असेही वाचले. चयापचयाच्या आनुवंशिक आजारांत उपचार असलेले आजार मोजकेच असल्यामुळे या एका वाक्याशी मी आठवडाभर अडून बसले आहे.

आता अडचण. सातव्या महिन्यात रक्तातील अमिनो आम्लांची तपासणी झाली होती. त्यात सेरीन आणि त्यापासून बनणारे ग्लायसीन दोन्ही खालच्या टोकाला, पण मर्यादेच्या आत होते, त्यामुळे ‘चयापचय सामान्य’ असा निष्कर्ष निघाला. परंतु त्या दिवशी रांगेत बाळ रडू लागल्याने सुई टोचण्याच्या अर्धा तास आधी मी त्याला अंगावर पाजले होते. उपाशीपोटी आणा, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि अहवालातही तो रकाना रिकामा आहे.

तर, पाजल्यामुळे सेरीनचा आकडा वर गेला असण्याची शक्यता आहे का? पाठीतील पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढून तपासणे खरोखर आवश्यक आहे का? आणि एक नातेवाईक परदेशातून सेरीनची पावडर पाठवायला तयार आहेत, ती तोपर्यंत सुरू करावी का?

प्रतिसाद १

ताई, मी जैवरसायनशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. त्या मर्यादेत लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. दुधातील प्रथिनांतून सेरीन मिळते आणि या आजारात खाल्ल्यानंतर रक्तातील पातळी सामान्य दिसू शकते. म्हणूनच नमुना उपाशीपोटी घेतात. मात्र किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण इतक्या लहान बाळाला, तेही आकडी येत असताना, घरच्या घरी उपाशी ठेवणे धोक्याचे आहे.

पाठीतील पाण्यावर जेवणाचा परिणाम फार कमी होतो, त्यामुळे निदानासाठी ते रक्तापेक्षा अधिक भरवशाचे असते. त्यातील सेरीन स्पष्टपणे कमी निघाले, तर ‘अर्थ अनिश्चित’ या शेऱ्याचाही फेरविचार होऊ शकेल. ते पाणी लगेच गोठवून ठेवावे लागते, तेव्हा प्रयोगशाळेशी आधी बोलून घ्या.

पावडर आत्ता देऊ नका. ती चालू असताना घेतलेल्या नमुन्यातून मूळ पातळी कळणार नाही. उपचारात रोज दर किलो वजनामागे ५०० ते ७०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा विभागून दिली गेली आहे. ही चिमूटभर पूरक आहाराची गोष्ट नव्हे. शिवाय ते एल-सेरीनच (प्रथिनांत आढळणारे सेरीनचे रूप) असावे लागते. पण तपासणी महिनाभर लांबू देऊ नका. उपचाराने आकडी बऱ्याचदा थांबते, उशीर झाल्यास वाढीतील नुकसान मात्र फारसे भरून येत नाही.

तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. तुम्हा दोघांचीही या बदलासाठी तपासणी करून घ्या. दोघेही वाहक असाल, तर पुढच्या प्रत्येक गर्भाला हा बदल दुहेरी मिळण्याची शक्यता २५ टक्के राहते. गर्भातच निदान झाल्यावर आईला सेरीन दिल्याने बाळाच्या डोक्याची मंदावलेली वाढ पुन्हा सुरू झाल्याची नोंद २००४ साली प्रसिद्ध झाली आहे.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार, सर. आज डॉक्टरांना फोन करून पाजल्याची गोष्ट सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी जुना अहवाल घेऊन यायला सांगितले. गुरुवारी पहाटेचे पाजणे झाल्यावर त्यांनी ठरवलेल्या वेळी, त्यांच्याच देखरेखीखाली रक्त आणि पाठीतील पाणी एकाच वेळी घेतले जाईल. पावडर पाठवू नका, असे नातेवाइकांना कळवले आहे. त्या तासांत बाळाला नुसते पाणी पाजता येईल का, हे विचारायचे फोनवर राहून गेले. कोणाला अनुभव असल्यास सांगावे, नाहीतर उद्या पुन्हा विचारते.