वखारीच्या नावाचा एप्रन: काळ कसा ठरवावा?

प्रश्न
माझ्या सासूबाई मूळच्या अमेरिकेतील आयोवाच्या. त्यांच्या माहेरचा जाड मांजरपाटाचा एक एप्रन आता आमच्याकडे आला आहे. तो कमरेला बांधायचा असून पुढे दोन खोल खिसे आहेत आणि त्यांवर लाल शाईत लाकडाच्या वखारीचे नाव, गाव व 'फोन 47' एवढेच छापलेले आहे. त्यांची आई तो स्वयंपाक करताना बांधत असे. तो कोणत्या काळातला असावा, आणि धुतला तर चालेल का?

प्रतिसाद 1
हा मुळात सुताराचा, खिळे ठेवण्याचा एप्रन आहे. वखारी आणि हार्डवेअरची दुकाने असे एप्रन गिऱ्हाइकांना फुकट देत, म्हणजे दुकानाची पाटी सुताराच्या कमरेवर गावभर फिरत असे. अमेरिकेत झिप कोड (तिथला पिनकोड) 1963 मध्ये आला. तो छापलेला नाही, यावरून एप्रन त्याआधीचा असू शकतो, पण दुकानदार जुनाच ठसा पुढेही वापरत असल्याने एवढ्यावर विसंबू नये. दोन आकडी क्रमांक अधिक बोलका आहे, कारण त्या काळी ऑपरेटर हाताने फोन जोडून देत असे. गावात डायलचे फोन कधी आले, हे स्थानिक ग्रंथालयातील जुन्या डिरेक्टरीत आणि वखारीच्या वर्तमानपत्रातील जाहिरातींत शोधावे.

प्रतिसाद 2
धुण्याची घाई करू नका. खिशांच्या तळाशी गंजाचे डाग असतील तर खिळे खरोखर ठेवले गेले होते. समोरच्या भागावर तेलकट डाग असतील तर तुमच्या सासूबाईंच्या आठवणीला पुष्टी मिळते, आणि दोन्ही आढळल्यास फारच उत्तम. ब्लीच मुळीच वापरू नये, कारण गंजलेल्या जागी त्याने धागा लवकर कुजतो. त्या काळी तिथल्या शेतकरी घरांत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांची शिवण उसवून, छापील अक्षरे धुऊन काढून एप्रन, परकर शिवत. त्यामुळे फुकट मिळालेला एप्रन चुलीपाशी गेला, यात नवल नाही.

प्रतिसाद 3
आपल्याकडच्या साडीच्या दुकानांच्या जुन्या कापडी पिशव्यांनाही हाच न्याय लागतो: पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, त्याआधी पत्त्यात शहराच्या नावापुढे नुसता टपाल विभागाचा आकडा, जसे 'पुणे 2', असे. सासूबाईंना मात्र साल विचारू नका. घरी कोठार किंवा गोठा कोणी बांधला, लाकूड रोखीने आणले की उधारीवर, हे विचारा; वखारीशी संबंध कधीचा, याचा अंदाज त्यावरून येईल.