स्वीट चिली सॉस घरी करूलोय, दुसऱ्या दिवशी पाणी सुटतंय, जाणकारांनी मदत करा

वडगावकर:
नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, वडगावात राहतो. पुढच्या रविवारी आक्काच्या पोरीचा वाढदिवस आमच्याच घरी आहे आणि तिनं मामाकडं एकच गोष्ट मागितलीय, मोमोज आणि रोल, आणि त्याच्यासंगट तो लाल गोड-तिखट सॉस जो हॉटेलात बारक्या वाटीत देतात. पन्नासेक माणसं होतील. तयार बाटल्या आणता येतात की, पण घरात उन्हाळ्यात तिखट कुटून उरलेली ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही मिरच्या आहेत, निपाणीकडनं आत्यानं पाठवलेली गुळाची ढेप आहे, आणि पोरगीला मामाच्या हातचंच पाहिजे, म्हणून मला हे घरीच आणि चांगलंच करायचंय.

आत्ता करूलोय ते असं. सात-आठ ब्याडगी आणि दोन संकेश्वरी गरम पाण्यात भिजवून लसणासंगट मिक्सरला जाडसर फिरवतो, एकदम पेस्ट नाही, तुकडे दिसले पाहिजेत. मग गूळ, पाणी, व्हिनेगर, मीठ आणि कॉर्नफ्लॉवर सगळं एकदमच पातेल्यात घालून दाट होईपर्यंत उकळतो. गरम असताना बघाल तर झकास दिसतंय, चमच्याच्या मागं चिकटून राहतंय. पण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी बाटलीत वर बोटभर स्वच्छ पाणी, खाली मिरची बसलेली, आणि हलवलं की सगळं ताकासारखं पातळ. परत उकळलं तर अजून पातळ होतंय, हे तर मला कळतच नाही.

दुसरं म्हणजे रंग. ब्याडगीचा एवढा नाव असलेला रंग, पण सॉस चॉकलेटी दिसतोय, लाल नाही. तिसरं, एकदा लसणाचे तुकडे चक्क हिरवट-निळसर झाले, आईनं सगळं ओतून टाकायला लावलं, ते खराब झालं होतं का? आणि शेवटचं, फ्रीज त्या दिवशी केक आणि बाकीच्या सामानानं भरणार, तर बाहेर किती टिकेल? रंजका (ओल्या लाल मिरचीची चटणी) आमच्यात महिनोन् महिने बरणीत राहतो, तसं ह्याचं होईल का? चवीला मात्र घरात सगळ्यांना आवडलंय, तेवढं पाणी सुटायचं थांबलं की झालं.

गोकाकवाली:
व्हिनेगर आणि कॉर्नफ्लॉवर एकत्र उकळूलाय तिथंच गडबड आहे बघा दादा. आंबटात स्टार्च जास्त वेळ उकळलं की त्याचा दाटपणा तुटतो, म्हणून परत उकळल्यावर अजून पातळ होतंय. आधी साखर, पाणी, मिरची, लसूण, मीठ, व्हिनेगर एवढंच उकळून घ्या सात-आठ मिनिटं, चांगला पाक झाला पाहिजे. कॉर्नफ्लॉवर वेगळं गार पाण्यात कालवून अगदी शेवटी धार सोडायची, ढवळत ढवळत, पांढरट दिसणारं पारदर्शक झालं आणि वर बुडबुडे आले की एखाद मिनिटात गॅस बंद. थोडं पातळ असतानाच बंद करा, गार झाल्यावर ते आपोआप घट्ट येतंय. दाट झाल्यावर जोरजोरात घोटायचं पण नाही.

आणि एक विचारते, चाखलेला चमचा परत त्याच पातेल्यात घालूलाय का? आमच्या जाऊबाई असंच करायच्या आणि त्यांची खीर, सूप काहीही असो, उद्याला पाणी. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च फोडतंय, थोडीशी लाळ पण पुरते. चाखायला दर वेळी नवा चमचा घ्या.

तिखटमीठ:
आक्का म्हणतात ते बरोबर, पण कॉर्नफ्लॉवर बरोबर शिजवलं तरी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी सोडतंच, तो त्याचा गुणच आहे. मी कॉर्नफ्लॉवर सोडून साबुदाणा वापरतो. साबुदाणा मिक्सरला अगदी बारीक करून चाळून घ्या, ते पीठ गार पाण्यात भिजवून कॉर्नफ्लॉवरसारखंच शेवटी घाला. काचेसारखी चमक येते आणि पाणी फार कमी सुटतं. फक्त जास्त झालं तर चिकट तारा येतात, म्हणून आधी कमीच घाला.

किंवा काहीच घालू नका! थायलंडमध्ये भाजलेल्या चिकनसोबत हे खातात तिथं बरेच जण साखर-व्हिनेगर-मिरची-लसूण नुसतं आटवूनच दाट करतात, पिठाची गरजच पडत नाही. साखर जास्त लागते एवढंच, आणि फार आटवलं तर गार झाल्यावर पाक कडक होतो, तेव्हा लक्ष ठेवायला पाहिजे. गार बशीवर एक थेंब टाकून बशी तिरकी करा, थेंब हळू हळू सरकला पाहिजे, पळता कामा नये.

मिरचीकट्टा:
रंगाचं मी सांगतो, आमचं घरचं मिरचीचं काम आहे. ब्याडगीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फार नाही. म्हणून पाकात ती कितीही घाला, पाक केशरी-पिवळसरच राहतो आणि लाल दिसतात ते मिरचीचे तुकडे. त्यात गडद गूळ घातला की सगळं चॉकलेटी. अर्धी साखर अर्धा गूळ करून बघा आणि गूळ फिका घ्या. गूळ आधी पाण्यात विरघळवून फडक्यातनं गाळून घ्या, घरच्या ढेपेत चिपाडाचे तुसं आणि वाळू असतेच.

ब्याडगी खरी आहे का बघून घ्या, 2011 ला तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तरी तिच्या नावावर बाजारात काय काय येतंय. खरी ती सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला बेताची. तिखटपणा तुमच्या संकेश्वरीनं येऊ दे, पोरं खाणार असतील तर एकच घाला आणि आतली पांढरी शीर काढून टाका. लोक नुसत्या बिया काढतात, खरा तिखटपणा त्या शिरेतच असतो. आणि करताना खिडकी उघडी ठेवा ओ, व्हिनेगर आणि मिरचीची वाफ नाकात गेली की घरभर ठसका.

गोकाकवाली:
लसणाचं राहिलंच. आंबटात लसणातली गंधकाची संयुगं असं करतात, निळा-हिरवा रंग येतो. वास आणि चव नेहमीसारखी असेल तर खाल्लं तरी चालतंय. पण पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणून लसूण बारीक चिरून आधी एक-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून काढा, मग वापरा. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, व्हिनेगर त्याला खातंय, स्टीलचंच घ्या.

आणि बाहेर ठेवायचं मनावर घेऊ नका. रंजक्यात मिठाचा आणि लिंबाचा मारा असतो, त्याचं गणित वेगळं. ह्याच्यात व्हिनेगर कमी करायचं नाही, चव गोड पाहिजे म्हणून अर्धं पाणी घालायचं नाही, लसणाची वस्तू आंबटाशिवाय बंद बाटलीत ठेवणं धोक्याचं असतं. मी तर सांगते, शुक्रवारी नुसता पाक करून ठेवा, मिरची-लसूण-व्हिनेगरवाला, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत, एक बाटली फ्रीजच्या दाराला मावेल की. दाट करायचं काम रविवारी सकाळी. म्हणजे पाणी सुटायचा प्रश्नच येणार नाही.

वडगावकर:
आक्का, दादा, खरंच मनापासून धन्यवाद! शेवटी दाट करायचं हे मला सुचलंच नव्हतं. काल रात्री साबुदाण्याचं पीठ घालून वाटीभर केलं, अर्धी साखर अर्धा गूळ, एकच संकेश्वरी, लसूण आधी उकळून. सकाळी फ्रीजमधनं काढलं तर मिरचीचे तुकडे जिथल्या तिथं लटकलेले, वर पाणी नाही. रंग पण मधासारखा आला, त्यात लाल लाल ठिपके. आईनं स्वतः भज्याला लावून खाल्लं. आता पन्नास जणांना किती करू, तेवढं सांगा.

तिखटमीठ:
मस्त! माणशी दोन मोठे चमचे धरा, म्हणजे साधारण 30 मिली, पन्नासला दीड लिटर. एक वाटी गोड (साखर-गूळ मिळून), अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी ह्याचा साधारण 300 मिली सॉस होतो, म्हणजे पाचपट करा, साखर-गूळ मिळून किलोभर लागेल. पण एकाच मोठ्या पातेल्यात नको, जास्त प्रमाण आटायला वेळ लावतं, दोन वेळा करा. साबुदाण्याचं पीठ पाचपट करून एकदम ओतू नका, चारपटच घाला, दाटपणा बघा, लागलं तर वाढवा. पोरांसाठी थोडा सॉस मिरची घालायच्या आधी बाजूला काढून ठेवा.