पेटवर एकच ठिपका चमकला, म्हणून लगेच चौथी स्टेज?

उलटतपासणी:
फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला की पेट-सीटी (तो कुठे पसरलाय ते शोधणारा स्कॅन) होतो. अहवालात कधीकधी एक ओळ येते, 'ॲड्रिनलमध्ये गाठ, मेटास्टॅसिसची शक्यता', म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत कॅन्सर पसरला असावा. तेवढ्यावर माणूस ऑपरेशनच्या यादीतून बाहेर आणि थेट चौथ्या, म्हणजे दूरवर पसरलेल्या, स्टेजमध्ये. माझं म्हणणं: छातीतला आजार काढता येण्यासारखा असेल, बाहेर संशयाची जागा एकच असेल आणि निव्वळ तिच्यामुळे पूर्ण बरं करण्याचा प्रयत्न सोडला जाणार असेल, तर तिथे कॅन्सरच आहे हे सिद्ध झाल्याशिवाय चौथी स्टेज लिहू नये.

कारण पेट कॅन्सर दाखवत नाही, कोणत्या पेशी साखर जास्त ओढतात ते दाखवतो. टीबीची गाठ ओढते, सार्कॉइडोसिस (कॅन्सर नसलेला, सुजेच्या गाठींचा आजार) ओढतो, आतड्यातला साधा पॉलिप ओढतो. कानाखालच्या पॅरोटिड ग्रंथीतला वॉर्थिन ट्यूमर तर चांगलाच चमकतो. तो निरुपद्रवी असतो आणि मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांमध्येच दिसतो. म्हणजे ज्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, बऱ्याचदा तीच माणसं! ॲड्रिनलचं म्हणाल, तर भलत्याच कारणासाठी सीटी काढलेल्या शंभरातल्या चार-पाच जणांना तिथे गाठ सापडते. त्यातल्या बहुतेक साध्या ॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी, असतात.

सरळसोट:
शंभरातले चार-पाच हा आकडा सगळ्या लोकांचा झाला. ज्याच्या छातीत कॅन्सर आधीच आहे, त्याच्या ॲड्रिनलमधल्या गाठीला तोच हिशोब कसा लावता? हा कॅन्सर पसरायला जिथे हमखास जातो त्या जागा ठरलेल्या आहेत: मेंदू, हाडं, यकृत, ॲड्रिनल. आणि सुई घालून गाठीचा नमुना काढणं काही फुकटात पडत नाही. ॲड्रिनल खोलवर असते, रक्तस्राव होऊ शकतो, वाटेत फुफ्फुसाला भोक पडू शकतं. शिवाय नमुना अपुरा आला की पुन्हा पहिल्यापासून. तोवर उपचार अडून राहतात. स्मॉल सेल (फुफ्फुसाचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर) असेल तर ते आठवडे परवडत नाहीत.

उलटतपासणी:
स्मॉल सेलचं मान्य, तिथे घाई हवीच. दहा ठिकाणी पसरलंय तिथेही प्रत्येक जागी सुई टोचा असं मी म्हणत नाही. मी 'एकच जागा' म्हटलंय, कृपया तेवढं वाचा.

पॅचेल आणि सहकाऱ्यांचा 1990 चा अभ्यास बघा. मेंदूत एकच मेटास्टॅसिस आहे असं समजून घेतलेले 54 पेशंट. नमुना तपासला तर त्यातल्या 6 जणांना मेटास्टॅसिस नव्हताच. आणि या सगळ्यांना कॅन्सर असल्याचं आधीच माहीत होतं, त्यामुळे तुमचा हिशोबाचा मुद्दा इथे चालत नाही.

सरळसोट:
त्या सहांत दुसरे मूळ ट्यूमर होते किंवा सूज, संसर्ग होता. 'साधी गाठ निघाली, सुटलो' अशी ती गोष्ट नाही. आणि 54 मधल्या उरलेल्या 48 जणांचं काय? इमेजिंगही तेव्हापासून बरंच पुढे गेलंय.

ग्रेस्केल:
स्कॅन वाचणं हाच माझा धंदा, म्हणून मध्ये पडतो. तुम्ही दोघंही सुई की सुई नाही एवढ्यावरच भांडताय. ॲड्रिनलची बरीच प्रकरणं सुईशिवाय मिटतात. कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध, ज्याने स्कॅन ठळक दिसतो) न देता काढलेल्या सीटीवर गाठ एकसारखी आणि 10 हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरचं घनतेचं माप) किंवा त्याहून कमी भरली, की ती चरबीयुक्त ॲडिनोमा धरायला हरकत नसते. चरबी कमी असलेले ॲडिनोमाही असतात, ते या कसोटीत सापडत नाहीत. तिथे केमिकल शिफ्ट एमआरआय (गाठीतली थोडी चरबीही ओळखणारा) किंवा कॉन्ट्रास्ट किती वेगाने धुऊन जातो ते बघणं. एवढं करूनही संशय राहिला तर सुई. तीसुद्धा रक्त-लघवीच्या तपासणीत फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब वाढवणारी हार्मोन्स सोडणारी ॲड्रिनलची गाठ) नाही याची खात्री करूनच, नाहीतर टेबलावरच रक्तदाब भडकायचा.

आणि जुना सीटी मागा हो! चार वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तीच गाठ तेवढीच असेल तर निम्मा वाद तिथेच संपतो. पण लोक फाइल घरी ठेवून येतात आणि आम्ही अंधारात 'शक्यता नाकारता येत नाही' लिहितो.

थोरली:
आमच्या वडिलांच्या पॅरोटिडमध्येच असा ठिपका निघाला होता. पसरलाय असं तोंडी सांगून झालं होतं. मोठ्या भावाने हट्ट धरला म्हणून सुई झाली, वॉर्थिन आला आणि फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं. उलटतपासणींशी सहमत, एवढंच.

सरळसोट:
ताई, वडिलांचं चांगलं झालं याचा खरंच आनंद आहे. पण ज्यांच्या सुईत कॅन्सरच निघाला ते लोक इथे लिहायला येत नाहीत. 'साधी गाठ असू शकते' हे एकदा कानावर पडलं की घरचे मग तेच धरून बसतात, आणि रिपोर्ट वाईट आला की पेशंट दुसऱ्यांदा कोसळतो.

रोखठोक:
मला हा स्टेजच्या नावाचा वादच जुना वाटतो. छातीबाहेर एकच मेटास्टॅसिस असेल तर टीएनएमच्या (कॅन्सरची स्टेज ठरवण्याची पद्धत) आठव्या आवृत्तीपासून त्याला वेगळा गट आहे, एम1बी. अशा निवडक पेशंटांत फुफ्फुसातली गाठ आणि ती एक जागा, दोन्हींवर ऑपरेशन किंवा रेडिएशन करतात. म्हणजे चौथी स्टेज लिहिली म्हणून दार बंद होत नाही.

उलटतपासणी:
मग तर सिद्ध करणं आणखी गरजेचं! नाहीतर साध्या ॲडिनोमावर रेडिएशन देऊन 'मेटास्टॅसिस आटोक्यात आला' म्हणून खूश व्हाल. सरळसोट, नमुना पॉझिटिव्ह आला तरी तो वाया जात नाही, त्यावर ईजीएफआर, एएलके (कोणतं औषध लागू पडेल ते ठरवणारे जनुकीय बदल) तपासता येतं.

सरळसोट:
ठीक. एकच जागा, छाती ऑपरेशनजोगी, पेशंट धडधाकट, एवढ्यापुरतं तुमचं मान्य करतो. ॲड्रिनल, पॅरोटिड, यकृत, तपासा खुशाल. मेंदूतली गाठ वरवर असेल तर काढतानाच निदानही होईल. पण ती ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या बुडाशी, श्वास-गिळणं चालवणाऱ्या भागात) असेल आणि पेशंटला गिळता येईनासं झालं असेल, तर तिथेही आधी पुरावा मागणार का?