मदत हवी आहे : काळ्या मातीत सामानाची शेड, पत्रा की ब्लॉक?

पॉवर टिलर आणि खताच्या गोण्यांसाठी 12 बाय 18 फुटांची शेड, कमी खर्चात. जमीन काळी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. उथळ पायावर 6 इंची ब्लॉकची भिंत घेतली तर पावसात माती फुगून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडकणार. खोल पाया घ्यावा तर बजेट तिथेच गाडलं जातं. म्हणून कल सहा लोखंडी खांब नि 0.5 मिमी पत्र्याकडे. खड्डे 4 फूट, तळाला मुरूम ठोकून. पण पहाटे पत्र्याला घाम सुटून थेंब गोण्यांवर पडतात, त्यावर स्वस्त इलाज काय? वळवाच्या वाऱ्याने पत्रा उचलू नये म्हणून पर्लिन (पत्रा ज्यांवर बसवतात ते छताचे आडवे आधार) किती फुटांवर घ्यावेत? आणि खाली 3 फूट ब्लॉक, वर पत्रा, असं प्लिंथ बीमशिवाय (म्हणजे भिंतीखालच्या आडव्या काँक्रीट पट्ट्याशिवाय) टिकतं का?